एआयचा मसुदा आपल्या हाताने पुन्हा कसा लिहावा: सविस्तर मार्गदर्शन

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे मजकूर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) साधन सर्वांसाठी खुले झाले आणि लेख, अहवाल, पत्र किंवा निवेदन लिहायला बसणाऱ्या अनेकांच्या कामाचा क्रमच उलटा झाला. पूर्वी कोऱ्या कागदापासून सुरुवात व्हायची. आता लिहून तयार झालेला मजकूर समोर येतो आणि त्याचे पुढे काय करायचे एवढाच प्रश्न उरतो. हा मजकूर सहसा व्याकरणाला धरून असतो, परिच्छेदही नीट पाडलेले असतात, तरीही दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याचे लक्ष उडालेले असते. मग आपण चार शब्द बदलतो, दोन लांब वाक्ये तोडतो, आणि मजकूर होता तसाच निर्जीव राहतो, कारण दोष मुळात शब्दांत नसतोच. काय सांगायचे, काय वगळायचे, कोणाला सांगायचे आणि कशाच्या आधारावर सांगायचे, हे त्या मजकुरात कोणीही ठरवलेले नसते. असा मसुदा सुधारायचा म्हणजे हे राहून गेलेले निर्णय आपण घ्यायचे. ते ठरावीक क्रमाने घेतले तर श्रम वाया जात नाहीत, म्हणून पुढील पायऱ्या त्या क्रमाने दिल्या आहेत.

मसुदा असा का उतरतो हे आधी समजून घेतलेले बरे. ही साधने अफाट मजकुरावर शिकवलेली असतात, आणि आधीच्या मजकुरामागे कोणता तुकडा येण्याची शक्यता किती आहे याचा हिशेब करत ती एकेक तुकडा पुढे ठेवतात. त्यानंतर माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्यांना आणखी वळण लावले जाते, त्यामुळे त्यांचा सूर सौम्य आणि कोणालाच न दुखावणारा होतो. ज्याची शक्यता सर्वांत जास्त, ते बहुतेकांनी आधीच म्हटलेले असते. त्यात नवे काही क्वचितच येते. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शिकवणीच्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अगदीच थोडा असल्याने शब्द मराठी असले, तरी वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजीचा निघतो.

पहिली पायरी: मसुदा मिटवून आपले टिपण काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. तयार मजकूर एकदा वाचला की त्याचा क्रम, त्याचे मुद्दे आणि त्याची उदाहरणे आपल्या मनात घर करतात, आणि मग आपल्याला स्वतःला काय म्हणायचे होते ते आठवेनासे होते. म्हणून मसुदा पडद्यावरून बाजूला करावा आणि कोऱ्या पानावर काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हा मजकूर नेमका कोण वाचणार आहे? त्याला आधीपासून काय ठाऊक आहे? वाचून झाल्यावर त्याने काय करावे किंवा कोणती गोष्ट वेगळ्या दृष्टीने पाहावी? या विषयातले असे काय आहे, जे मला कामामुळे, वाचनामुळे किंवा अनुभवामुळे माहीत आहे आणि सहज शोधून सापडणार नाही? ही उत्तरे अर्धवट, तुटक वाक्यांत असली तरी चालतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले तर मात्र थांबावे. मग आधी विषयाचा अभ्यास करायला हवा. मसुद्यावर कितीही हात फिरवला तरी ती उणीव भरून निघणार नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक वाक्याची परीक्षा घ्या

आता मसुदा उघडावा, पण सुधारण्यासाठी नव्हे, गाळण्यासाठी. समजा, घरातल्या झाडांच्या निगेवर लेख हवा आहे आणि साधनाने पुढील परिच्छेद दिला आहे.

«घरातील झाडांची काळजी घेणे हा केवळ एक छंद नसून तो आपल्या मानसिक स्वास्थ्यासाठी देखील महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो. योग्य प्रमाणात पाणी, पुरेसा सूर्यप्रकाश आणि नियमित देखभाल यांच्या माध्यमातून आपण आपल्या झाडांना निरोगी ठेवू शकतो. हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की प्रत्येक झाडाच्या गरजा वेगवेगळ्या असतात.»

परीक्षा अशी: वाक्यातला विषय बदलून पाहायचा. ‘झाडां’च्या जागी ‘पाळीव प्राण्यां’ना आणा आणि ‘सूर्यप्रकाशा’च्या जागी ‘व्यायाम’ घाला. तिन्ही वाक्ये तशीच्या तशी उभी राहतात. जे वाक्य कोणत्याही विषयाला चालते, ते या विषयाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून त्यावर काट मारावी. दुसरी परीक्षा उलटे वाक्य करून पाहण्याची आहे. ‘योग्य प्रमाणात पाणी द्यावे’ याच्या उलट ‘अयोग्य प्रमाणात पाणी द्यावे’ असे कोणीच म्हणणार नाही. म्हणजे मूळ वाक्यातही दावा असा नव्हताच.

या टप्प्यावर बहुतेक जण जे करतात तेही पाहू. ते पहिले वाक्य असे बदलतील: «घरातल्या झाडांची निगा राखणे ही नुसती आवड नव्हे, मनाच्या आरोग्याचा तो मोठा आधार आहे.» मराठी म्हणून हे वाक्य आधीपेक्षा बरे आहे, पण त्यातून वाचकाच्या हाती काही पडत नाही. आता पहिल्या पायरीतले टिपण समोर ठेवू. समजा, आपला वाचक म्हणजे रोज पाणी घालूनही ज्याचे झाड मलूल होत चालले आहे असा माणूस. मग परिच्छेद असा होतो:

«कुंडीतले झाड मान टाकू लागले की आपला हात आधी पाण्याकडे जातो, आणि पुष्कळदा तेच झाडाला मारक ठरते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना ती लागते. रोजच्या रोज पाणी घातले की या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असूनही पाने मलूल दिसतात, आणि ती पाहून आपण आणखी पाणी घालतो. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नका.»

मूळ परिच्छेदातले एकही वाक्य यात उरलेले नाही, आणि ते स्वाभाविक आहे. हा परिच्छेद शब्दांची अदलाबदल करून झालेला नाही. एक वाचक निवडला, त्याची एक अडचण निवडली आणि त्या अडचणीचे कारण शोधले, त्यातून तो झाला. प्रत्येक परिच्छेदाला एवढी मेहनत लागतेच असे नाही. कुठे व्याख्या असते, कुठे साधी कृती असते, आणि ती नीट असेल तर तशीच ठेवायला हरकत नाही. पण गाळून झाल्यावर मसुद्याचा तिसरा हिस्साही शिल्लक राहत नसेल, तर तो पूर्ण टाकून आपल्या टिपणावरून नव्याने लिहावे. ते लवकर होते, आणि चांगले होते.

तिसरी पायरी: नावे, आकडे आणि साली तपासा

भाषेला हात लावण्याआधी तथ्ये तपासावीत, कारण जे वाक्य शेवटी खोडावेच लागणार आहे त्याची भाषा घासण्यात अर्थ नाही. मसुद्यातले प्रत्येक विशेषनाम, आकडा, साल, अवतरण आणि ‘संशोधनातून असे दिसून आले आहे’ या धाटणीचे प्रत्येक वाक्य रंगवून घ्यावे आणि एकेकाचा मूळ आधार उघडून पाहावा. आधार सापडला नाही तर ते वाक्य काढून टाकावे. ‘काही तज्ज्ञांच्या मते’ अशी मोघम झूल चढवून ते ठेवू नये.

उत्तर खरे आहे का, हे त्याच साधनाला विचारणे म्हणजे तपासणी नव्हे. न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयातील ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ हे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. तिथे वकिलांनी सादर केलेल्या निवेदनात चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून दिलेले होते. हे निवाडे खरे आहेत का, असे त्यांच्यापैकी एकाने त्या साधनालाच विचारले होते, आणि उत्तर होकारार्थी आले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलर दंड केला. असे पूर्ण बनावट आधार निदान शोधल्यावर उघडे पडतात. त्याहून फसव्या असतात त्या अर्धवट चुका. नाव खरे असते पण काम दुसऱ्याचे असते, किंवा नियम खरा असतो पण मध्यंतरी बदललेला असतो. साधनाची शिकवण एका ठरावीक तारखेपर्यंतची असते, त्यामुळे कायदे, दर, पदे आणि आवृत्त्या यांबाबत आजची स्थिती वेगळी पाहावीच लागते.

चौथी पायरी: मांडणी मोडा

प्रास्ताविक, महत्त्व, फायदे, आव्हाने, उपाय आणि निष्कर्ष या साच्यात जवळपास कोणताही विषय बसवता येतो, म्हणूनच मसुदे वारंवार त्या साच्यात येतात. त्यात सर्व मुद्द्यांना सारखीच जागा मिळते. साधी गोष्ट चार वाक्यांत आणि अवघड गोष्टही चारच वाक्यांत. वाचकाला मात्र एखाद्या जागी दोन पाने हवी असतात आणि दुसऱ्या जागी अर्धी ओळ पुरते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात त्याचा मुद्दा एका ओळीत लिहावा. ज्या परिच्छेदांचे मुद्दे सारखे निघतात ते एकत्र करावेत, आणि ज्याचा मुद्दा लिहिताच येत नाही तो काढावा. उरलेल्या ओळी वाचकाच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने लावाव्यात. पहिला परिच्छेद पूर्ण गाळला तर काही बिघडते का, हेही पाहावे. बहुधा बिघडत नाही आणि लेख खऱ्या जागी सुरू होतो. शेवटचा सारांशवजा परिच्छेदही असाच तपासावा. ठळक अक्षरातल्या बिंदूंच्या याद्या शक्य तिथे सलग गद्यात आणाव्यात, कारण यादीत दोन मुद्द्यांमधला कार्यकारणभाव लपून जातो. तो गद्यात लिहायला गेले की आपल्याला तो कळला आहे की नाही हे लगेच लक्षात येते.

पाचवी पायरी: वाक्य मराठीत आणा

इथे सावकाश काम करावे लागते. पहिली खूण म्हणजे ‘की’ने जोडलेली जड सुरुवात. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’, ‘असे म्हणणे अतिशयोक्ती ठरणार नाही की’ अशा तुकड्यांनंतर खरे वाक्य सुरू होते, म्हणून आधीचा तुकडा काढून वाक्य तिथूनच सुरू करावे. दुसरी खूण इंग्रजी वळणाच्या जोडवाक्याची. ‘ही एक अशी पद्धत आहे जी वेळ वाचवते’ असे मराठीत कोणी बोलत नाही. ‘या पद्धतीने वेळ वाचतो’ असे म्हणतो. यातला ‘एक’ संख्या सांगण्यासाठी आलेलाच नव्हता, आणि मसुद्यात असे ‘एक’ पानोपानी विखुरलेले असतात.

‘च्या माध्यमातून’ आणि ‘द्वारे’ यांची कामे मराठीत प्रत्यय आणि ‘करून’सारखी धातुसाधिते (क्रियापदाच्या धातूपासून बनलेली रूपे) करतात. ‘सर्वेक्षणाच्या माध्यमातून माहिती संकलित करण्यात आली’ याऐवजी ‘सर्वेक्षण करून माहिती गोळा केली’ असे लिहिले की वाक्य हलके होते. माहिती कोणी गोळा केली हेही सांगता आले तर आणखी चांगले, कारण ‘करण्यात आली’ या रचनेत कर्ता लपतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही लपते. नामांचा भरणाही असाच कमी करावा. ‘सुधारणा करण्याची आवश्यकता आहे’ म्हणजे ‘सुधारायला हवे’. ‘माहिती प्राप्त करणे’ म्हणजे ‘माहिती मिळवणे’. सर्वनामांचीही छाटणी करावी. क्रियापदावरून कर्ता कळतो तिथे ‘आपण आपल्या’ किंवा ‘ते त्यांच्या’ असे पुन्हा पुन्हा लिहायची गरज नसते.

काढण्याबरोबर घालायचेही असते. यंत्राच्या मराठीत ‘च’, ‘तर’, ‘ही’, ‘मात्र’, ‘तरी’ हे छोटे शब्द आणि प्रत्यय फार क्वचित किंवा चुकीच्या जागी येतात, आणि बोलणाऱ्याचा कल त्यांतूनच कळतो. ‘पाणी मीच घातले’ आणि ‘मी पाणीच घातले’ ही वाक्ये वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. शब्दक्रमाचेही तसेच आहे: ज्यावर भर द्यायचा तो शब्द क्रियापदाजवळ आणला की वेगळे ‘विशेषतः’ लिहावे लागत नाही. ‘राहून जाणे’, ‘होऊन बसणे’, ‘करून टाकणे’ अशी संयुक्त क्रियापदे योग्य जागी आली की कृती सहज झाली, नकळत झाली की जाणूनबुजून केली, हे एका शब्दात कळते.

विशेषणांची तिकडी ही आणखी एक ओळखीची खूण. ‘सुलभ, जलद आणि प्रभावी’ यांतले कोणते एक खरे आहे ते ठरवून बाकीची दोन काढावीत, आणि शक्य असेल तर उरलेल्याच्या जागी पुरावा ठेवावा. पारिभाषिक शब्दांबाबत त्या कामातली माणसे काय म्हणतात ते पाहावे. सगळे जण ‘पासवर्ड’ म्हणत असतील तर ‘संकेतशब्द’ लिहून वाचकाला अडखळवण्यात काही साधत नाही. शुद्धलेखन शेवटी तपासावे. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांतला दुहेरी त, तसेच ‘बुद्धी’ एकटा आल्यावर दीर्घ पण ‘बुद्धिमत्ता’ या साधित शब्दात ऱ्हस्व, अशा जागी मसुद्यावर विसंबू नये, कारण हिंदी वळणाची रूपे त्यात सहज मिसळतात.

शब्दांच्या काळ्या याद्या बनवून हे काम भागत नाही. पबमेड या ऑनलाइन सूचीतील वैद्यकीय संशोधनाच्या सारांशांचा अभ्यास झाला तेव्हा इंग्रजीतल्या ‘डेल्व्ह’ (खोलात शिरणे) सारख्या शब्दांचा वापर या साधनांच्या आगमनानंतर एकाएकी वाढल्याचे दिसले, म्हणजे अशा खुणा खऱ्या असतात. परंतु त्या बदलत राहतात, आणि यादीतला शब्द टाळूनही वाक्य पोकळ राहू शकते.

सहावी पायरी: आपले म्हणणे घाला, पण बनवून नव्हे

आता पहिल्या पायरीतले टिपण पुन्हा काढावे आणि त्यातले काय अजून लेखात आलेले नाही ते पाहावे. पाहिलेले उदाहरण, स्वतः करून पाहिलेली कृती, दोन पर्यायांपैकी एकाकडे असलेला आपला कल आणि त्याचे कारण, हे सर्व इथे घालावे. मसुद्याला बाजू घ्यायची सवय नसते; ‘दोन्हींचे आपापले फायदे-तोटे आहेत’ असे म्हणून तो थांबतो. वाचकाला मात्र ‘तुम्ही नवशिके असाल तर पहिला पर्याय घ्या, कारण तो चुकला तरी दुरुस्त करता येतो’ असे कोणीतरी सांगायला हवे असते.

लेख जिवंत वाटावा म्हणून न घडलेला प्रसंग रचणे, न भेटलेल्या माणसाचे बोलणे उद्धृत करणे किंवा साधनाकडून ‘वैयक्तिक अनुभव’ लिहून घेणे हे वाचकाला फसवणे आहे. सांगण्यासारखा अनुभव नसेल तर कारणे नीट समजावून सांगावीत. माहितीपर लेखाला तेवढे पुरते.

सातवी पायरी: मोठ्याने वाचा

शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्यावी आणि मग लेख मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अपुरा पडतो, जिथे जीभ अडखळते, जिथे स्वतःचेच लक्ष भटकते, तिथे खूण करावी आणि वाचून झाल्यावरच दुरुस्ती करावी. सलग चार-पाच वाक्ये एकाच लांबीची असतील तर कानाला ते लगेच कळते. एखादे वाक्य समोर बसलेल्या माणसाला आपण या शब्दांत सांगितले असते का, हा प्रश्न औपचारिक लेखनालाही लागू पडतो. औपचारिक भाषा नेमकी असते, ती कृत्रिम असायचे कारण नाही.

ओळख यंत्रे आणि जाहीर कबुली

मजकूर एआयने लिहिला आहे की माणसाने, हे सांगणारी साधने आणि तो ‘मानवी’ करून देणारी साधने यांच्यामागे लागू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे एक ओळख साधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याच्या कारणावरून ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात ओळख साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध एआयने लिहिल्याचे चुकीचे निदान झाले. अशा निकालावर कोणाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, आणि त्या निकालासाठी लिहिणे निरर्थक. ‘मानवी’ करणारी साधने बहुधा समानार्थी शब्दांची अदलाबदल करतात. वर पाहिलेल्या ‘नुसती आवड नव्हे’ या वाक्यासारखा त्यांचा परिणाम होतो, शिवाय तपासलेली तथ्येही त्यात बिघडू शकतात.

एआयची मदत घेतल्याचे कुठे सांगायचे हे त्या ठिकाणच्या नियमांवरून ठरते, म्हणून मजकूर पाठवण्याआधी ते नियम वाचावेत. संशोधन प्रकाशनाच्या नीतिमत्तेवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले की एआय साधन लेखक म्हणून नोंदवता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर तो लेखकांनी उघड करावा. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रताधिकारासाठी (कॉपीराइटसाठी) मानवी कर्ता असणे आवश्यक असल्याचे कायम केले. परीक्षेचा किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लिहायचे असेल आणि तिथे मदत घ्यायला मनाई असेल, तर कितीही चांगले पुनर्लेखन केले तरी ते चालणार नाही.

जिथे मदत चालते तिथे मूळ मसुदा, आपले टिपण, तपासलेल्या आधारांची नोंद आणि मधल्या आवृत्त्या तारखेनिशी वेगवेगळ्या ठेवाव्यात. संपादकाने किंवा मार्गदर्शकाने एखाद्या वाक्याचा आधार विचारला, तर तो या नोंदींतून लगेच काढून दाखवता येतो, आणि लेखातला कोणता भाग कोणाचा आहे हेही त्यांतूनच सांगता येते.